मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनवर खेळणार आहे. पवित्रा, पाय, हात: घरी सुरुवात कुठून करू?

ओहायोकर | २८ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. थोरला या ऑगस्टमध्ये नववीत जातोय. उंची पाच फूट दहा इंच, वजन २१० पौंड. शाळेच्या उन्हाळी सरावात कोचनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लाइनमध्ये, म्हणजे समोरच्यांना भिडणाऱ्या पुढच्या रांगेत, नेऊन उभं केलं. बॉल हातात येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी पोरगा इतका खूश आहे की रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात एक हात जमिनीला टेकून बसतो आणि आईला आत जाऊ देत नाही.

माझी अडचण अशी. मी नाशिकचा, क्रिकेटवर वाढलेला. बारा वर्षं टीव्हीवर फुटबॉल बघतोय, पण माझी नजर कायम बॉलमागे. लाइनमधली माणसं काय करतात ते मी कधी पाहिलंच नाही. आता तो विचारतो, "बाबा, माझी पाठ सरळ आहे का बघा ना." सरळ म्हणजे कशी, हेच मला माहीत नाही.

गेल्या वर्षी मिडल स्कूलच्या संघात त्याला एवढंच सांगायचे की समोरच्याला जाऊन धडक. तो धडकायचा, तोल जाऊन पडायचा आणि घरी गप्प बसायचा. यंदा तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. मूलभूत गोष्टी कोणत्या? बघताना मी काय बघू? मागच्या अंगणात आम्ही दोघं काही करू शकतो का?

गार्ड_६४ | २८ जुलै, रात्री ११.१५

दादा, मी इथेच जन्मलो. हायस्कूलमध्ये तीन वर्षं लेफ्ट गार्ड खेळलो आणि आता गावातल्या लहान मुलांना लाइन शिकवतो. तुमच्या मुलाला सांगा की मैदानावरचं सगळ्यात शिकण्यासारखं काम त्याला मिळालंय. ताकद तिसऱ्या क्रमांकावर. आधी पाय, मग हात.

पवित्र्यापासून सुरू करा. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद. तो उजवीकडे खेळत असेल तर उजवा पाय मागे आणि उजवाच हात खाली. पाय किती मागे? उजव्या पायाची बोटं डाव्या पावलाच्या मध्याशी येतील इतकाच. मुलं धावण्याच्या शर्यतीसारखा पाय लांब मागे टाकतात, मग बाजूला सरकताच येत नाही. खाली पंजा टेकायचा नाही, बोटं टेकायची. पाठीवर ताट ठेवलं तर घरंगळू नये अशी पाठ. मान वर, नजर समोर. बसणं खुब्यात आणि गुडघ्यात हवं, कंबरेत वाकून नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

तपासायला सोपी युक्ती: तो बसलेला असताना त्याचा टेकलेला हात हळूच बाजूला करा. तोंडावर येत असेल तर वजन हातावर जास्त पडतंय.

मग पहिलं पाऊल. फक्त सहा इंच, वीतभरसुद्धा नाही. ते लांब टाकलं की त्याच क्षणी तुम्ही एका पायावर असता, आणि समोरचा नेमका तेव्हाच आदळतो. आमचे कोच म्हणायचे की पहिलं पाऊल कोणीही टाकतं, लढत दुसऱ्या पावलावर जिंकली जाते. समोरच्याचं दुसरं पाऊल जमिनीला लागायच्या आत आपलं लागलेलं पाहिजे. पाय रुंदच राहायला हवेत. मैदानावर यासाठी दोन पायांच्या मधे लाकडी फळी ठेवून तिच्यावरून रेटत जायला लावतात. पाय जवळ आले की फळीवर पडतात, मुलाला सांगावंच लागत नाही. तुम्ही अंगणात साधी फळी वापरा.

हात: कोपरं बरगड्यांशी, अंगठे वर, तळव्याचा मनगटाकडचा भाग समोरच्याच्या छातीवर, दोन्ही बाजूंना काखांच्या आत. ज्याचे हात आत, त्याच्या हाती लढत. खांद्यानं किंवा हेल्मेटनं धडक मारायची नाही. डोकं हे बघायला असतं.

पुण्याचा_प्रेक्षक | २९ जुलै, सकाळी ८.०५

मी पुण्यात बसून पहाटे सामने बघतो. इथे २०१२ च्या सुमारास 'पुणे मराठाज' नावाचा संघ झाला होता, तेव्हापासून नाद लागला. प्रश्न अगदी प्राथमिक आहे: लाइन म्हणजे नक्की कोण कोण? आणि त्यांना बॉल का पकडता येत नाही?

गार्ड_६४ | २९ जुलै, सकाळी ८.५०

आक्रमणाच्या बाजूनं पाच जण. मधे सेंटर, तो पायांमधून बॉल मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. अंगावर ५० ते ७९ मधले आकडे. पुढे फेकलेला पास त्यांनी पकडायचा नाही असा नियम आहे, आणि आकड्यामुळे पंचाला ते लगेच ओळखू येतात. धावत जाणाऱ्याला वाट करून द्यायची आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकभोवती भिंत धरायची, ही त्यांची दोन कामं.

त्यांच्या मधल्या फटींनाही नावं आहेत. सेंटर आणि गार्डमधली ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, त्याच्या बाहेरची सी. हे पाठ झालं की टीव्हीवरचं अर्धं बोलणं कळायला लागतं.

तालीमबाज | २९ जुलै, दुपारी १.२०

कोल्हापूरचा माणूस, तालमीत वाढलेला, आता मिशिगनात. माझा मुलगा शाळेत कुस्तीही खेळला आणि लाइनवरही.

गार्ड_६४ यांनी लिहिलं ते वाचताना वस्तादांचा आवाज कानात आला. "खाली बस, खाली बस." इथले कोच तेच म्हणतात: खाली असेल तो जिंकतो. खडाखडीत हात आत घालण्यासाठी जी झटापट चालते तीच इथे पहिल्या अर्ध्या सेकंदात उरकायची असते. हा संबंध नुसता माझ्या मनातला नाही. स्टीफन नील हा १९९९ चा कुस्तीतला जागतिक विजेता. कॉलेजात एकही फुटबॉल सामना न खेळता तो एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा गार्ड झाला आणि तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकणाऱ्या संघांत होता.

पण एक सावधगिरी. कुस्तीत मनगट धरून दस्ती ओढणं हे कसब आहे. इथे जर्सी धरून ओढलं की होल्डिंग, दहा यार्ड मागे. माझ्या मुलाला पहिल्या हंगामात हाच दंड सारखा बसायचा. छाती समोर असताना आत हात ठेवून पकड घट्ट केली तर सहसा चालतं. माणूस बगलेतून निसटला की सोडायचंच. तो निसटला तर पाय हलवून पुन्हा समोर जायचं. हाताला पायाचं काम सांगितलं की पंचाचा रुमाल पडतो.

मोगरा | २९ जुलै, रात्री १०.३०

न्यू जर्सीहून. तुमचा आनंद समजतो, पण मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. लाइनवरच्या मुलांचं डोकं जवळजवळ प्रत्येक डावात कुठे ना कुठे लागतं. मोठा आघात नसतो, म्हणून कोणी मोजत नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर सेंटर होता, चार सुपर बोल जिंकलेला. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालूंना जे सापडलं ते २००५ मध्ये छापून आलं, आणि तिथून सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, हा शब्द घराघरात गेला. तो लाइनमनच होता, हे विसरू नका.

आम्ही दोघांनी खूप विचार केला आणि मुलाला क्रॉस कंट्रीकडे, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याकडे, वळवलं. तो आठवडाभर रुसला होता. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

फिजिओताई | ३० जुलै, सकाळी ७.१०

मोगराताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी शाळकरी खेळाडूंबरोबर काम करते, आणि घाबरायचं कारण नाही असं मी कोणालाही सांगत नाही.

पण तंत्र आणि सुरक्षितता या वेगळ्या गोष्टी नाहीत. पूर्वी मुलांना समोरच्याच्या छातीवर हेल्मेट रोवायला शिकवत. हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे १९७६ मध्ये हेल्मेटनं धडकण्यावर बंदी आली, आणि मानेच्या जीवघेण्या दुखापती त्यानंतर ठळकपणे कमी झाल्या. नियमानं शिकवण बदलली, शिकवणीनं माना वाचल्या. तुमच्याच न्यू जर्सीनं २०१९ मध्ये हंगामातला पूर्ण धडकेचा सराव आठवड्याला १५ मिनिटांवर आणला. एनएफएलनं २०२२ पासून सराव शिबिरात लाइनमनना हेल्मेटवर मऊ टोपी सक्तीची केली.

ओहायोकर, कोचला तीन गोष्टी विचारा. पूर्ण धडकेचा सराव आठवड्यातून किती? सरावाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा माणूस, हजर असतो का? उन्हाचं काय? शेवटचा प्रश्न ऑगस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा. मिनेसोटा वायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ ला उष्माघातानं गेला, सरावाच्या दुसऱ्याच दिवशी कोसळला होता. जड मुलांना उष्णता जास्त बाधते. पहिले काही दिवस नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग सगळा सरंजाम, असा क्रम हवाच. मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचं टब भरलेलं असायला हवं. उष्माघात झालाच तर आधी तिथेच अंग थंड करायचं, मग हॉस्पिटल. ते टब तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघून या.

आणि मुलाच्या घोट्यांबद्दल. त्याला टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का? येत नसेल तर पवित्रा कधीच नीट जमणार नाही, तो कंबरेतच वाकेल. रोज पाच मिनिटं उकिडवं बसायला लावा, टाचा जमिनीला. आपल्या आज्या विळीवर भाजी चिरताना ज्या सहज बसायच्या, तीच ठेवण.

ओहायोकर | ३० जुलै, रात्री ९.००

ताई, आत्ताच बसवून पाहिलं. टाचा दोन इंच वर! त्याची आजी शेजारी बसून दाखवत होती आणि तो थक्क होऊन बघत होता. आता दोघं रोज बसणार म्हणतात.

मोगराताई, तुमचं म्हणणं मनात ठेवलंय. घरी आमचंही हेच बोलणं चालू असतं. या वर्षी खेळू द्यायचं, पण डोक्याला लागल्याचं लपवलं तर खेळ बंद, असं तिघांनी मिळून ठरवलंय.

ह्यूस्टनची_आत्या | ३१ जुलै, सायंकाळी ६.४५

माझा भाचा बचावाच्या लाइनवर खेळतो, त्याच्या प्रत्येक सामन्याला मी असते. सगळे फक्त आक्रमणाबद्दल लिहिताय. नववीत बऱ्याच शाळांत मुलाला दोन्ही बाजूंनी खेळावं लागतं, म्हणून हेही वाचा.

बचावाच्या लाइनमननं क्वार्टरबॅकचा आवाज ऐकायचा नाही, बॉलकडे बघायचं. बॉल हलला की निघायचं. आवाजावर निघणारा मुलगा हमखास फसतो, कारण क्वार्टरबॅक मुद्दाम आवाज चढवतो. मग हात छातीवर, कोपरं ताठ करून समोरच्याला लांब धरायचं, काय चाललंय ते बघायचं, आणि मग झटकून सुटायचं. बॉलच्या मागे सैरावैरा पळायचं नाही, आधी आपली फट सांभाळायची.

समोरच्याचं हेल्मेट पहिल्या क्षणी खाली गेलं तर धावण्याचा डाव, वर आलं तर पास. आणि एक गोष्ट भाच्याला शिकायला पूर्ण हंगाम लागला: अडवायला कोणीच आलं नाही तर आनंदानं आत शिरायचं नाही. तो ट्रॅप असतो. वाट मोकळी ठेवलेली असते आणि पलीकडचा गार्ड बाजूनं येऊन उचलून टाकतो. तेव्हा थांबायचं, खाली बसायचं, आतल्या बाजूला वळायचं.

पासच्या वेळी दोन चाली पुरेत. रिप म्हणजे खालून वर मारलेली मूठ, समोरच्याच्या काखेखालून, सूटकेस उचलल्यासारखी. स्विम म्हणजे पोहताना हात वरून टाकतो तसं त्याच्या खांद्यावरून जाणं.

गार्ड_६४ | ३१ जुलै, रात्री ८.१०

आत्या, सगळं पटलं, फक्त स्विम नववीतल्या मुलाला नको. हात वर गेला की बरगड्या उघड्या पडतात आणि मुलगा ताठ उभा राहतो. माझ्यासमोर कोणी स्विम केलं की मी सरळ काखेखाली दोन्ही हात घालून त्याला मागे न्यायचो. रिपमध्ये माणूस आपोआप खालीच राहतो. पहिलं वर्षभर फक्त रिप आणि सरळ छातीवर रेटणं.

ह्यूस्टनची_आत्या | ३१ जुलै, रात्री ८.३५

उंच मुलांचं काय? भाचा सहा फूट तीन आहे. त्याला रिपसाठी इतकं खाली जावं लागतं की वेग जातो. त्याच्या कोचनं स्विमच शिकवलं आणि त्याला ते लागू पडतं. अंगकाठी बघून ठरवावं, सरसकट नको.

आणि नियमांबद्दल सगळ्यांनी लक्षात ठेवा: टेक्सासच्या शाळा कॉलेजच्या नियमांवर खेळतात, बाकी जवळजवळ सगळा देश हायस्कूलच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांवर. कमरेखाली ब्लॉक करण्याबद्दल दोन्हीत फरक आहे. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून मुलाला काही शिकवाल आणि तुमच्याकडे त्याला पंधरा यार्ड बसतील.

गार्ड_६४ | ३१ जुलै, रात्री ८.५०

सहा फूट तीन असेल तर मान्य.

बाकावरून | १ ऑगस्ट, सकाळी ६.३०

हातांवरून आठवलं म्हणून थोडं मागे जातो. आज पास अडवताना हात पुढे ताणून तळवे उघडे ठेवतात, ते एनएफएलमध्ये १९७८ पर्यंत चालत नव्हतं. हात छातीजवळ ठेवून अंगानंच थोपवायचं. समोर मात्र डीकन जोन्ससारखे बचावपटू. तो हेल्मेटच्या बाजूला सणसणीत थप्पड मारायचा आणि समोरचा डोळे मिटेपर्यंत पुढे निघून जायचा. थप्पड १९७७ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी हात मोकळे झाले. आज आपण ज्याला लाइनचं तंत्र म्हणतो त्यातलं निम्मं या दोन वर्षांनी घडवलं असं माझं मत आहे. क्वार्टरबॅकला मागेच गाठून पाडण्याला सॅक म्हणतात, तो शब्दही रुळवला जोन्सनंच, पण सॅकची अधिकृत मोजणी १९८२ पासून सुरू झाली, त्यामुळे त्याच्या नावावर एकही नाही. मला याचं दरवेळी वाईट वाटतं.

दोन्ही लाइनींच्या मधे बॉलच्या लांबीएवढी मोकळी पट्टी असते, तीही आयती आलेली नाही. त्या काळी मैदानावर इतकी मुलं मरत होती की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी कॉलेजांच्या लोकांना बोलावून घेतलं. १९०६ च्या नियमांत पुढे पास टाकायची मुभा आली आणि ही पट्टीही आली.

पुण्याचा_प्रेक्षक | १ ऑगस्ट, सकाळी ९.१५

वा. मग फिलाडेल्फिया ईगल्स मागून ढकलून एक यार्ड काढतात, ते लाइनचं तंत्र म्हणायचं की नुसती झुंबड? त्यावर बंदी येणार होती ना?

बाकावरून | १ ऑगस्ट, सकाळी ९.४०

मे २०२५ मध्ये मतदान झालं. बंदीला ३२ पैकी २४ मतं लागत होती, २२च पडली. ढकलणारे मागे असतात हे खरं, पण डाव जमतो तो पुढच्या तिघांमुळे, सेंटर आणि दोन गार्ड. ते समोरच्यांच्याही खाली घुसतात. जेसन केल्सी त्यांचा सेंटर असतानाचे व्हिडिओ पुन्हा चालवून बघा, तो जवळजवळ जमिनीला समांतर निघतो. इतर संघांनी तसंच ढकलून पाहिलं, त्यांना तितकं साधलं नाही.

मेथीचा_लाडू | १ ऑगस्ट, दुपारी १२.२५

आमच्याकडेही नववीतला लाइनमन आहे. कोच म्हणतात वीस पौंड वाढव. आम्ही शाकाहारी. पोरगा रोज पाव लिटर तूप संपवेल अशा बेतात आहे. काय करावं?

फिजिओताई | १ ऑगस्ट, दुपारी १.५०

तूप थांबवा आणि त्याला झोपू द्या! चौदाव्या वर्षी वजन मुद्दाम चढवू नका. दूध, पनीर, उसळी, अंडी चालत असतील तर अंडी, आणि रात्री नऊ तास झोप. बाकी वय करेल. घाईनं वाढवलेलं वजन गुडघ्यांवर बसतं आणि पहिलं पाऊल मंदावतं. मोठ्या खेळातसुद्धा हलकी माणसं असतात. केल्सी २९५ पौंडांचा, सेंटर म्हणून लहानच धरला जायचा, एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत थेट सहाव्या फेरीत निवडला गेला आणि तेरा हंगाम खेळला. बचावात अ‍ॅरन डोनल्ड सहा फूट एक, २८० पौंड. तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

शुक्रवारची_रात्र | २ ऑगस्ट, रात्री १०.००

मूळ प्रश्नात पासचं राहिलं. थोडं लिहितो, मी राइट टॅकल होतो.

धावण्याच्या डावात आपण पुढे जातो, पासमध्ये मागे जात जात लढतो. अवघड हेच. बाहेरचा पाय मागे सरकवायचा, आतला त्याच्या मागोमाग ओढायचा. पावलं जमिनीला घासून जावीत, उचलून टाकायची नाहीत, आणि एकमेकांना ओलांडायची तर कधीच नाहीत. वजन आतल्या पायावर. आतली बाजू कधी द्यायची नाही, कारण क्वार्टरबॅककडे जाणारा जवळचा रस्ता तोच. बाहेरून येणाऱ्याला येऊ द्या, लांबचा वळसा घेऊ द्या, आणि त्याला क्वार्टरबॅकच्या मागून बाहेर काढा.

मुलं घाबरून पुढे झुकतात आणि समोरच्याला शोधायला जातात. जायचं नाही. त्याला यायचंय, येऊ द्या. हात लवकर टाकले की तो ते झटकतो. एक हाताचं अंतर उरलं की मग टाकायचे. छातीवर रेटत आला तर ताठ मागे जाऊ नका, खुबे खाली टाका. पाण्यानं भरलेला हंडा खाली ठेवताना बसतो तसं.

क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर त्याची पाठ डाव्या टॅकलकडे असते. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री लॉरेन्स टेलर या बचावपटूनं जो थाइसमन या क्वार्टरबॅकला पाडलं आणि त्याचा पाय मोडला, ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना ही जागा किती मोलाची हे सांगावं लागत नाही.

अंगणातला सराव: तुम्ही समोर उभे राहा, दोन्ही हात पाठीमागे बांधून तो. तुम्ही डावीउजवीकडे सरका, त्यानं नुसत्या पायांनी तुमच्यासमोर राहायचं. वीस सेकंद, मग विश्रांती. हात नाहीत म्हटल्यावर पाय खोटं बोलू शकत नाहीत.

तालीमबाज | २ ऑगस्ट, रात्री १०.४०

हा सराव आम्हीही करायचो. बापाला धाप आधी लागते, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

सेंटरची_बहीण | ३ ऑगस्ट, सकाळी ११.००

एक वेगळी गोष्ट. माझा भाऊ नीट ऐकू न येणारा, तरी चार वर्षं सेंटर खेळला. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठाबद्दल त्याला कोचनं सांगितलं होतं. मूकबधिर विद्यार्थ्यांचं विद्यापीठ. खुणा दुसऱ्यांना दिसू नयेत म्हणून खेळाडूंनी गोल करून उभं राहायची पद्धत, हडल, १८९० च्या दशकात तिथूनच आली असं मानतात. पुढे त्यांच्याकडे मैदानाच्या कडेला मोठा ढोल असायचा. त्याचे ठोके छातीत जाणवायचे आणि त्यावर लाइन निघायची.

भावाच्या संघात गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघायचा आणि भावाच्या मांडीवर थाप मारायचा. मोठ्या संघांनाही गोंगाटात असंच करावं लागतं. त्याच्या संघाला आवाजाला फसून आधीच हलल्याचा दंड जवळजवळ बसतच नसे, कारण त्यांची लाइन आवाजावर निघतच नव्हती. आजही तो आणि तो गार्ड एकमेकांना भेटले की आधी मांडीवर थाप.

गार्ड_६४ | ३ ऑगस्ट, दुपारी १२.३०

बहीणताई, वाचून डोळे भरून आले. शेजाऱ्याशी असं जुळणं हेच लाइनवरचं खरं शिक्षण. दोघांनी मिळून एकाला हुसकावतो तेव्हा खुब्याला खुबा लागलेला हवा, मधून बोट जाऊ नये. चारही हात समोरच्यावर आणि चारही डोळे मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे त्यांच्या लाइनच्या मागे उभ्या बचावपटूवर. तो ज्या बाजूला धावेल त्या बाजूच्यानं सुटायचं. मी आणि आमचा टॅकल एकही शब्द न बोलता हे करायचो.

ओहायोकर | १७ ऑगस्ट, रात्री ९.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. सराव सुरू होऊन दोन आठवडे झाले. बर्फाचं टब बघून आलो, भरलेलं होतं आणि ट्रेनर बाई मैदानावर होत्या. टाचा आता टेकतात. फळीवर पहिल्या दिवशी चारदा पडला, काल एकदाच. लाइनचे कोच स्वतः गार्ड होते. पहिले चार दिवस त्यांनी कोणाला धडकूच दिलं नाही, फक्त पवित्रा आणि सहा इंच.

एक शंका. अंगणात मी सांगतो ते आणि कोच सांगतात ते कधी वेगळं पडतं. इथे अंगठे वर म्हटलंत, ते म्हणतात आधी तळवे पुढे. कोणाचं ऐकू द्यायचं?

शुक्रवारची_रात्र | १७ ऑगस्ट, रात्री १०.०५

कोचचं. नेहमी. पाचही जण एकाच पद्धतीनं हलले तर भिंत होते. तुम्ही घरी फक्त विचारा, "आज काय शिकवलं, मला दाखव." दाखवताना त्याचं पक्कं होतं.

मोगरा | १७ ऑगस्ट, रात्री १०.३०

हे आवडलं. टब बघून आलात, तेही बरं केलंत.

ओहायोकर | ९ ऑक्टोबर, रात्री ११.१०

आज सामना होता. पहिल्यांदाच मी बॉलकडे अजिबात पाहिलं नाही, पूर्ण वेळ ६८ नंबर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो आणि शेजारचा टॅकल, दोघांनी मिळून समोरच्याला तीन-चार यार्ड मागे नेलं. खुब्याला खुबा. मग हा सुटला आणि लाइनबॅकरवर गेला. धावणारा मुलगा तिथून सात यार्ड गेला. टाळ्या धावणाऱ्याला मिळाल्या. मी उभा राहून ओरडलो तेव्हा शेजारचे अमेरिकन आजोबा वळून म्हणाले, "तुमचा ६८ का? छान पाय आहेत त्याचे." पाय म्हणाले! आकार नाही, पाय. बायकोच्या हाताला चिमटा काढला मी.

होल्डिंगही एकदा बसलं. तालीमबाज, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच, माणूस बगलेतून निसटला आणि यानं सोडलं नाही.

आता नवा प्रश्न. त्यांच्या सेंटरचा घोटा दुखावलाय, सोमवारपासून याला स्नॅप शिकायचंय. क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असतो. अंगणात दहापैकी चार बॉल माझ्या डोक्यावरून जातात.

सेंटरची_बहीण | १० ऑक्टोबर, सकाळी ७.२०

डोक्यावरून जातोय म्हणजे बॉल उशिरा सुटतोय, हात पायांमधून मागे वर जाईपर्यंत धरून ठेवतोय. भाऊ म्हणतो, मनगट ताठ, पकड सैल, आणि खुबे वर उचलू नकोस. बरीच मुलं स्नॅपबरोबर ढुंगण वर करतात आणि बॉल तिकडेच जातो. आधी गुडघ्यावर बसून पन्नास टाकायला सांगा, मग उभं राहून. तुम्ही पोटाशी हात धरा, तेच निशाण.

बॉल सुटला की लगेच पाऊल. स्नॅप करून बघत बसला की समोरचा अंगावर येतो. आणि सोमवारी पाऊस सांगितलाय ना तिकडे? बादलीत बॉल बुडवून शेवटचे वीस ओल्या बॉलनं टाका.